काळ्या नळीतले रंग

काळी नळी चमकली तेव्हा मी पहिली शिवी झुबेरला घातली. आमच्या प्रयोगशाळेत काहीही बिघडलं की आधी झुबेरला बोलायचं अशी पद्धतच आहे, आणि बहुतेक वेळा ती बरोबर ठरते.

"काय मिसळलंस माझ्या रक्तात?"

"अम्मीची शपथ, हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला. "तूच कालचे हातमोजे आज घातले असशील. कंजूस कुठली!"

हातमोजे नवे होते, आणि नळी तरीही चमकत होती. नुसती चमकत नव्हती, तर दोन रंगांत. पडद्यावर हजारो काळपट पेशी पसरल्या होत्या आणि त्यात इथं एक केशरी ठिपका, तिथं एक हिरवा.

यात एवढं हबकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. तर आधी आमचं काम सांगते. मिरजेच्या दवाखान्यातली आमची प्रयोगशाळा लोकांच्या पेशींना रंगीत टिकल्या लावते. एखाद्या रुग्णाला दुसऱ्याची मज्जा दिली, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त बनवणारा गर दिला, की त्या नव्या पेशी रुजल्या का, कुठं जाऊन बसल्या, हे बघावं लागतं. म्हणून त्यांना देण्याआधीच कण्या चिकटवायच्या. कण्या हा आमचा लाडाचा शब्द. मोबाईलची चिप ज्या जातीच्या पदार्थापासून बनते, त्याच अर्धवाहक जातीचे हे स्फटिक, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत एका ओळीत हजारो मावतील. गंमत अशी की कणीचा रंग ठरतो तिच्या मापावर. एकाच पदार्थाची बारीक कणी निळी चमकते, जरा मोठी हिरवी, त्याहून मोठी केशरी, मग लाल. मिरजेच्या सतारवाल्यांकडे जाऊन बघा, तार आखूड धरली की सूर चढतो. तसंच हे. कणीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला जागा जितकी अपुरी, तितका तो जास्त ऊर्जेचा, निळ्याकडचा प्रकाश टाकतो. वर सगळ्या मापांना एकच जांभळा दिवा पुरतो.

पूर्वीचे रंग दिव्याखाली बघता बघता विटायचे. कण्या वर्षानुवर्षं विटत नाहीत. कणीवर प्रथिनाचा एक गळासारखा आकडा बसवला की ती हव्या त्याच पेशीला जाऊन धरते. हल्ली त्या बिनविषारी पदार्थांच्याच करतात, त्यामुळे अंगात राहिल्या तरी काही बिघडत नाही.

आता काळी नळी. प्रत्येक तपासणीत एक नमुना असा लागतो की ज्यात एकही कणी नाही. अंधार म्हणजे नेमका किती, हे कॅमेऱ्याला त्यावरून शिकवायचं. त्यासाठी बाहेरून रक्त कोण आणत बसणार? कामावर जो लवकर येईल त्यानं आपलंच बोट टोचायचं. लवकर येणारी मी एकटीच. त्यामुळे गेली दोन वर्षं आमच्या प्रयोगशाळेचा अंधार म्हणजे मी. जुन्या कॅमेऱ्याला मी काळी दिसत होते. नवा कॅमेरा आला, आणि पहिल्याच दिवशी मी उजळले!

"म्हणजे दोन वर्षांचे आपले सगळे आकडे चुलीत," झुबेर म्हणाला. मग जरा वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, "पण मैथिली, तुझ्या अंगात कण्या आल्या कुठून?"

केशरीचं उत्तर मला जेवणाच्या सुट्टीत सापडलं, डबा उघडता उघडता. आईची बांगडी!

मी आईच्या पोटात होते त्या वर्षी आमच्या भागात वारेचा ताप आला होता. डासांमुळे पसरायचा आणि आईच्या वारेतून, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून, बाळापर्यंत पोचायचा. आईच्या पांढऱ्या पेशी तो ताप घेऊन बाळात शिरतात का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. त्यासाठी तासगावातल्या कितीतरी गरोदर बायकांच्या पेशींना कण्या लावल्या, प्रत्येकीला वेगळ्या मापाच्या. आणि रंगांची अदलाबदल होऊ नये म्हणून कुण्या शहाण्या नर्सनं डोकं चालवलं. त्याच मापाच्या कण्या घातलेली लाखेची बांगडी करून घेतली आणि डोहाळजेवणात हिरव्या चुड्यात ती एक जास्तीची चढवली. डोहाळजेवणातली बांगडी कुठली बाई हरवते? आईची मी लहानपणी कपाटातून काढायचे आणि बाबांच्या दुकानात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरायचे. निखाऱ्यासारखी केशरी पेटायची.

म्हणजे केशरी पेशी आईच्या. त्यात नवल नाही. वार म्हणजे काही भिंत नव्हे. आईच्या थोड्या पेशी बाळात जातात, बाळाच्या आईत येतात, आणि त्यातल्या काही मज्जेत जाऊन झोपतात. झोपलेली पेशी फारशी विभागत नाही, म्हणून तिच्यातल्या कण्या वाटल्या जाऊन विरळ होत नाहीत. मधूनच एखादीची झोपमोड होते आणि ती रक्तात फिरायला निघते. पण मला आई एकच. मग हिरवी कोण?

रविवारी तासगावला गेले. आई ओट्याशी शेंगोळ्या वळत होती. मी चपला काढता काढताच विचारलं, "आई, तुझी बांगडी केशरी ना गं? मग हिरवी कुणाची?"

आईचा हात थांबला. "तुला कुठं भेटली रेश्मा?"

मी कुणाचं नाव घेतलंच नव्हतं. आईच्या ते लक्षात आलं आणि ती मटकन पाटावर बसली.

रेश्मा पाटोळे आमच्या शेजारची. दोघी बरोबरच्या, डोहाळजेवण एकाच मांडवात झालेलं. मी जन्मले त्याच आठवड्यात तिला मुलगा झाला, आणि चार दिवसांत तापानं गेला. बारशाच्या आधीच गेला, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. आईला तोच ताप चढला आणि ती मिरजेला दवाखान्यात, शुद्धीवर नाही. मी घरी, वरचं दूध ओकून टाकत होते. बाबा मला दुपट्यात गुंडाळून रेश्माकाकूंच्या दारात उभे राहिले. तिनं हात पुढं केले.

"दीड-दोन महिने तू तिच्याजवळ," आई म्हणाली. "मी परत आले, तुला उचललं, तर तू अशी किंचाळलीस जशी मी चोर. तिच्या कडेवर गेलीस की गप्प. मला बघवेना गं. माझी पोर, आणि हसायची तिला बघून." तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "एक दिवस मी दार लावून घेतलं. ती कडी वाजवत राहिली. आतून मी म्हटलं, तुझं तर गेलं, आता माझीला दृष्ट लावू नकोस."

"असं म्हणालीस?"

"म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी घर सोडलं."

मला राग आला. इतका की शेंगोळ्या न खाताच उठावं असं वाटलं. दर भाऊबीजेला मी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायचे, भाऊ नाही म्हणून. शेजारच्या घरात माझा दूधभाऊ होऊन गेला हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! पण आईकडे बघितलं आणि राग तोंडातच राहिला. ती रडत नव्हती. पुन्हा शेंगोळ्या वळायला लागली होती, आणि एकही धड वळत नव्हती.

"कुठं असते ती?" मी विचारलं.

"कवठ्याच्या रस्त्याला. बेदाण्याच्या शेडवर मुकादम आहे. मला माहितीय. मला कायमच माहिती होतं."

शेडमध्ये पत्र्याखाली लांब पट्टा चालू होता आणि त्यावरून बेदाणे सरकत होते. बुरशी लागलेला बेदाणा जांभळ्या प्रकाशात वेगळा चमकतो, म्हणून पट्ट्याच्या वर तोच आमचा ओळखीचा दिवा. बायका दोन्ही बाजूंनी वेचत बसलेल्या. त्यांच्यामधून एक हात पुढं आला, खराब दाणा उचलायला. आणि मनगटावर लखकन हिरवी बांगडी पेटली.

मी तिथंच उभी राहिले.

"काय पाहिजे?" त्या बाईनं विचारलं. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "स्नेहलची ना गं तू? नाक बापाचं घेतलंस की!"

चहा पाजला, मूठभर बेदाणे हातावर ठेवले, आणि आईची चौकशी अशी केली जशी काल भेटली असावी. मी पेशी, कण्या, काळी नळी, सगळं भडाभडा सांगितलं. ती ऐकत होती आणि हसत होती.

"म्हणजे माझं दूध अजून जिरलं नाही तुला?"

"दुधात आईच्या जिवंत पेशी असतात, काकू. आणि नव्या बाळाचं पोट काही सोवळं नसतं, येईल त्याला आत घेतं. तुमच्या पेशी माझ्या मज्जेत आहेत असं मला वाटतंय. खात्री करायला तुमचं थोडं रक्त मिळालं तर..."

"घे बाई. आधी दूध घेतलंस, आता रक्त घे." तिनं बाही वर केली. दंडावर सुयांचे निळे डाग होते. "लवकर घे पण. पंधरवड्यानं हे रक्त राहणार नाही. माझा रक्ताचा कारखाना बिघडलाय. मिरजेलाच यायचंय, तुमच्याकडंच. आतली सगळी मज्जा औषधानं जाळणार आणि भावाची घालणार म्हणे. नाही घातली तर पुढची द्राक्षं मी काही बघत नाही."

हे सगळं तिनं बेदाण्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.

हिरवा रंग जुळला. तंतोतंत तेच माप. झुबेरनं टाळी दिली, आणि मी इथं थांबायला हवं होतं. पण आमची खोड! हिरव्या पेशी बाईच्याच आहेत ना, एवढं पक्कं करायला मी नेहमीची जोडीची तपासणी लावली. पेशीत एक्स गुणसूत्र असेल तिथं लाल कणी चिकटते, वाय असेल तिथं निळी. बाईच्या पेशीत दोन लाल दिसतात, पुरुषाच्या पेशीत एक लाल, एक निळी.

रेश्माकाकूंच्या रक्तात सगळीकडे लाल-लाल. आणि कोपऱ्यात एक लाल-निळी.

"झुबेर, तू शिंकलास?"

बिचारा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. मी डोक्यापासून पायापर्यंत सगळं नवं चढवलं, उरलेल्या रक्तातून पुन्हा नमुना केला. पुन्हा तेच. लाखांत दोन-तीन, पण होत्या. त्यांच्या गुणसूत्रांवरच्या बाकीच्या खुणा तपासल्या, तर निम्म्या रेश्माकाकूंच्या आणि निम्म्या दुसऱ्या कुणाच्या. असं फक्त पोटच्या पोराचं असतं, आणि रेश्माकाकूंना पोर ते एकच.

चार दिवसांचा होऊन गेलेला, नावसुद्धा नसलेला तो मुलगा तिच्या मज्जेत राहत होता. तिला पत्ता नव्हता. आणि पंधरवड्यानं आमचाच दवाखाना ती मज्जा जाळणार होता.

"सांगू नकोस," झुबेर म्हणाला. "तिनं उपचार नाकारले तर? तुझ्या हौसेपायी एक बाई मरेल, मैथिली."

तो चूक नव्हता. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. शेवटी आईला फोन केला, तिनं मला 'गप्प बस' म्हणावं म्हणून. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मी एकदा तिच्यापासून पोर लपवलंय," मग ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नको. उद्या तिला घेऊन येते."

"तू?"

"मी. कडी वाजवायची पाळी आता माझी."

दार उघडल्यावर दोघींत काय झालं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी रिक्षातून उतरल्या. दोघींचे डोळे सुजलेले, आणि आईच्या हातात तीन मजल्यांचा डबा.

मी रेश्माकाकूंना पडद्यासमोर बसवलं. जसं होतं तसं सांगितलं, काही सजवलं नाही. बोट ठेवून दाखवलं. काळोखात एक लाल ठिपका, त्याला खेटून एक निळा.

पडद्याला तोंड लागेल इतकी ती जवळ गेली. कितीतरी वेळ बघत होती.

"एवढासाच आहे अजून," ती म्हणाली.

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"त्या औषधानं हा पण जाणार?"

"हो, काकू."

"मग नको." ती खुर्चीतून उठली. साडी सारखी केली. "तुमच्या डॉक्टरांना सांग, पाटोळेबाई येणार नाहीत."

"वेडी आहेस का?" आई वळली. "तू गेलीस तर तो तरी कुठं राहणार आहे?"

"माझ्याबरोबर येईल. आधी एकदा एकट्याला पाठवलाय मी त्याला, स्नेहल. पुन्हा नाही पाठवायची."

आईनं तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. आई पाया पडायला वाकली, ती मागं सरली. मी दोघींकडे बघत होते आणि डोक्यात एकच विचार आला. इतका सरळ की आधी कसा सुचला नाही याचीच लाज वाटली.

"काकू, थांबा. बसा जरा. तुमच्या दुधातून तुमच्या पेशी माझ्यात आल्या ना? तेव्हा त्याच्याही तुमच्या अंगात होत्या. मी माझ्या रक्तात त्याला शोधलंच नाही."

"असेल तो तुझ्यात?"

"माहीत नाही. खोटं सांगणार नाही. बहुतेक नसेल."

"पण असला तर?"

"असला तर दिसेल."

मी बोट न टोचता या वेळी दंडातून नळीभर रक्त काढलं. झुबेर कानाशी आला आणि कुजबुजला, "माझा एक थेंब टाक. वाय मिळेल. बाई वाचेल. कोण विचारतंय?"

क्षणभर मोह झाला, नाही कशाला म्हणू? समोर एक बाई मरायला निघालेली, आणि उपाय एका थेंबाचा. पण चंद्राला ओवाळून ओवाळून मोठी झालेली मी. "खोटा भाऊ नको मला," मी म्हटलं. "आणि तिला खोटा मुलगा. व्हरांड्यात जा तू."

तो गेला. जाताना मात्र त्यानं दारातून मशीनकडे बघून दुवा मागितल्यासारखे ओठ हलवले.

मशीन लाखो पेशी एकेक करून बघतं, त्याला वेळ लागतो. आईनं डबा उघडला. शेंगोळ्या, भाकरी, ठेचा. कुणी जेवेना. रेश्माकाकू खिडकीशी बसून मनगटातली बांगडी गोल गोल फिरवत होत्या. पडद्यावर लाल-लाल, लाल-लाल, नुसती माझ्यासारखी बाईमाणसं सरकत होती. मधेच एक केशरी आई गेली, मग एक हिरव्या रेश्माकाकू. दुपार टळली. आपण उगाच आशा दाखवली असं मला वाटायला लागलं.

मग मशीन टुक वाजलं.

एक लाल, एक निळी. मी आईचं पहिलंच आणि एकुलतं मूल, त्यामुळे आईमार्फत कुठल्या थोरल्या भावाची पेशी माझ्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी खुणा ताडून बघितल्या. पुन्हा एकदा ताडून बघितल्या. निम्म्या रेश्माकाकूंच्या, आणि उरलेल्या सकाळच्या ठिपक्याशी जुळणाऱ्या. तोच होता. मला भाऊ होता, आणि इतकी वर्षं तो माझ्याच हाडांत झोपला होता.

"सापडला," मी म्हटलं, आणि हुंदका आला.

रेश्माकाकूंनी विचारलं, "तुझ्यातला कोण काढणार नाही ना?"

"नाही. मी आहे तोवर तो आहे."

तिनं मान हलवली. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात मापं घ्यावीत तशी.

"मग माझ्यातला जाऊ दे," ती म्हणाली. "सांग तुमच्या डॉक्टरांना, येते म्हणावं."

आईनं तोंडावर पदर धरला. व्हरांड्यातून झुबेरनं काचेला नाक लावलं होतं. मी त्याला अंगठा दाखवला तेव्हा तो तिथंच खाली बसला.

रेश्माकाकूंनी डबा पुढं ओढला. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगोळ्या घेतल्या आणि घास माझ्या तोंडासमोर धरला. तो हात मला आठवत असण्याचं काहीच कारण नव्हतं. तरी मी विचार न करता तोंड उघडलं.

"स्नेहल," ती आईकडे न बघता म्हणाली, "पोरगी वाळलीय बघ. नीट जेवायला घालत जा. दोघं आहेत."

"घालते," आई म्हणाली, आणि माझ्या पानात दुसरी भाकरी वाढली.